देवीचं वय

"पयली गोष्ट, देवी खोटी नाय," मथुराकाकी म्हणाली. "दुसरी, कौल खोटो नाय. आणि माझो घोव तर खोटो नायच नाय. आता सांगा वकीलांनू, केस कशी चालवतलास ती."

मी टेबलावरचा पंखा तिच्या बाजूला वळवला. वकिलाला विचार करायला वेळ हवा असला की तो अशिलाकडे पंखा वळवतो. लोकांना ते सौजन्य वाटतं.

"आणि विसू तावडे?"

"तो खोटो. तो एकटोच खोटो."

"म्हणजे देवी खरी, कौल खरा, कौल लावणारा गुरव खरा, आणि त्या कौलावर चालणारा माणूस तेवढा खोटा."

"बरोबर. तुमका पटकन समाजला."

कोळंबरे गावची देवी कातळाई, आणि तिच्या देवळामागे तिची राय, म्हणजे देवराई. झाडी इतकी दाट की भर दुपारी आत जाणारा माणूस कंदील घेऊन जायचा, आणि मी तर एकदा तिथे दिवसा काजवे पाहिले आहेत. मधोमध आईनाचं एक जुनं झाड उभं आहे. त्याला कवेत घ्यायला सगळी गुरववाडी हातात हात धरून उभी राहिली तरी पुरत नसे, म्हणून त्याचं माप घ्यायचं काम मुंबईचे चाकरमानी गणपतीला आले की करत. त्या रायीतली वाळकी काडीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. नेली तर देवी बघून घेते, अशी गावाची खात्री. देवस्थानचे मुख्य विश्वस्त विसूदादा तावडे यांनी ही राय 'साफ' करण्याचं काम एका लाकडाच्या वखारीला दिलं होतं. वखार त्यांच्या जावयाची. देवस्थानची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे विसूदादांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यामुळे जमिनीला त्यांनी हात लावला नव्हता. जमिनीवर जे उभं होतं ते फक्त आडवं करायचं होतं.

विश्वस्ताने सांभाळायला दिलेल्या मालमत्तेतून आपल्या घरचं भलं करू नये, हा कायदा फार साधा आहे. असले खटले मी झोपेत जिंकले आहेत. एकदा तर खरोखरच झोपेत जिंकलो; समोरचा वकील जागा होता आणि बोलत राहिला, त्यातच त्याचा घात झाला. पण विसूदादांनी पहिल्या झाडाला खूण करण्याआधी कौल घेतला होता.

आमच्याकडे हे असं असतं. गुरव देवीच्या पाषाणावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि सगळा गाव श्वास धरून बसतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, वाटण्या, विहिरीची जागा, सगळं त्यावर ठरतं. विसूदादांनी भर गावासमोर विचारलं, राय साफ करून घेऊ का. उजवी पाकळी टपकन पडली. कौल लावणारा सोनू गुरव, म्हणजे मथुराकाकीचा नवरा.

आता कायद्याची गंमत बघा. ज्याची मालमत्ता, त्याने सगळं समजून होकार दिला असेल तर विश्वस्त सुटतो. मालमत्ता देवीची. होकार देवीचा. साक्षीला गाव.

"काकी," मी जपून म्हटलं, "पाकळी ओली किती आणि चिकटवायची कशी, हे शेवटी माणसाच्या बोटात असतं. सोनूवर कुणी दबाव—"

ती उठली आणि छत्री उचलली.

"बसा हो. मी नुसतं विचारलं."

"माझ्या घोवान उभ्या जल्मात एक पाकळी फिरवल्यान नाय. पुरावो देव?"

"द्या."

"त्याका दुसरी व्हयी होती. वरल्या वाडीतली, गोरी. त्याच्या बापाशीन कौल लावल्यान, तो माझ्यासाठी पडलो. नंतर ह्यान सोता परत लावून बघितल्यान. परत मीच. फिरवक येता तर तेव्हा फिरवल्यान नसती?"

इतका भक्कम पुरावा माझ्या वकिलीत माझ्यासमोर दुसऱ्यांदा आला नाही.

"राय गेली तर तुमचं काय जातं, ते सांगा," मी म्हटलं.

"रायीच्या मुळात झरो आसा. सगळी गुरववाडी त्याच पाण्यार. झाडां गेली की झरो गेलो. मगे आमी खय जातलंव? विसूच्या पंपार, कळशी घेवन, त्याच्या सुनेच्या पाया पडाक?"

ती पुन्हा बसली. पंखा स्वतःच आपल्याकडे नीट वळवून घेतला आणि म्हणाली, "देवीन होय म्हटल्यान ह्या खरा. पण तिका काय म्हायत विसू कसो तो."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. असली वाक्यं दोन दिवसांनी दाढी करताना परत येतात.

पुढच्या आठवड्यात मी कोळंबऱ्याला गेलो. विसूदादा देवळाच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते. पांढरा सदरा, कपाळाला गंध, कनवटीला देवळाची किल्ली. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. प्रतिपक्षाचा वकील दारात आला की हरणाऱ्या माणसाला राग येतो. त्यांना आनंद झाला, यावरून मी काय ते ओळखलं.

"येवा येवा, नाडकर्णी वकील. कोकम घेतलास? गुळाचा व्हया की साकरेचा?"

"गुळाचं."

"मथुरेन तुमका खर्चात घातल्यान. बायको माणूस. माझो राग नाय हां तिच्यार."

"झाडांवर खुणा केल्यात म्हणे."

"आईक इचारून केलंय." त्यांनी देवळाकडे हात जोडले. "मी आईक इचारल्याबगर शिंकाक नाय कधी. कोणाक पण इचारा."

मी विचारलं. चहाच्या टपरीवर विचारलं, पोस्टात विचारलं, शेतात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला बांधावरून विचारलं. सगळ्यांना राय जाणार याचं वाईट वाटत होतं आणि सगळे म्हणत होते, कौल उजवा पडला, आम्ही डोळ्यांनी पाहिला. वखार जावयाची आहे हे ठाऊक आहे का? आहे की. मग? मग काय, आईलाही ठाऊक असणारच.

सोनू गुरव मला झऱ्यावर भेटला. हडकुळा, मितभाषी माणूस. बायकोने आपल्याच कौलाच्या विरुद्ध वकील केलाय, याचं त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं; सवय होती.

"सोनू, विसूदादांनी तुला काही सांगितलं होतं का, कौलाच्या आधी?"

"सांगल्यानी."

"काय?"

"पाकळी बरी ओली कर म्हणान."

"मग?"

"मी नेहमी बरीच ओली करतंय," तो म्हणाला आणि कळशी खांद्याला लावून निघाला.

सुनावणी धर्मादाय कार्यालयात, सहायक आयुक्त मॅडमसमोर. मॅडम घाटावरच्या होत्या, नव्यानेच बदलून आलेल्या. कौल म्हणजे काय ते समजून घ्यायलाच त्यांची सकाळ गेली. विसूदादांच्या बाजूने वालावलकर वकील उभे होते. आमच्या जिल्ह्यात त्यांच्याइतका हुशार माणूस नव्हता आणि ही माहिती ते कुणापासून लपवून ठेवत नसत. गावातली बरीच मंडळी एसटीने आली होती आणि मागच्या बाकावर, खिडकीत, दारात, जमेल तिथे बसली होती.

वालावलकर तासभर सुंदर बोलले. विश्वस्ताने मालकाला विचारलं. मालकाने होकार दिला. विश्वस्त आणखी काय करणार? माझ्या विद्वान मित्रांना तो कौल खोटा म्हणायचा असेल तर त्यांनी तसं स्पष्ट म्हणावं.

मागून गावाने माझ्याकडे पाहिलं. मथुराकाकीने सगळ्यांहून जास्त.

"कौल खरा आहे," मी म्हटलं. "आमचा वादच नाही."

वालावलकरांनी भुवया उंचावल्या. मी विसूदादांना साक्षीसाठी बोलावलं.

"तावडेसाहेब, देवीला सकाळी उठवतं कोण?"

"गुरव."

"आंघोळ?"

"ती पण तोच घालता."

"लुगडं ती आपलं आपण नेसते?"

विसूदादांनी मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, हे काय प्रश्न?"

"उत्तर द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ऐकायचं होतं.

"नेसवचा लागता."

"जेवण?"

"निवेद दाखवचो लागता."

"आणि रात्री?"

"दार ओढून निजवतत."

"तिच्या नावाच्या कागदांवर सही?"

"मी करतंय. विश्वस्त म्हणान."

"म्हणजे उठवायचं, न्हाऊ घालायचं, नेसवायचं, भरवायचं, निजवायचं आणि सही तुम्ही करायची. तावडेसाहेब, तिचं वय काय?"

"आई ती. आयेक वय नसता. अनादी आसा ती."

"ते देवळात. इथे कायद्यात काय आहे?"

वालावलकर हरकत घ्यायला उठले, अर्धवट उभे राहिले आणि तसेच खाली बसले. मी कुठे चाललोय ते त्यांना दिसलं, कारण तो रस्ता त्यांनीच बांधलेला होता. काही वर्षांपूर्वी देवीची काजूची बाग माझ्या एका अशिलाकडे होती. जुन्या विश्वस्ताने ती त्याला देऊन टाकली होती, आणि तीही कौल लावूनच. तेव्हा विसूदादांच्या वतीने याच वालावलकरांनी मला कोर्टात असं धुतलं होतं की मी महिनाभर बार रूममध्ये चहा प्यायला गेलो नव्हतो. म्हणणं एवढंच: कायद्याच्या नजरेत देवता ही कायमची अल्पवयीन असते. ती कधी मोठी होत नाही. म्हणून तिला पालक लागतो, आणि पालकाने तिची मालमत्ता उधळली तर ते तिच्यावर बंधनकारक नसतं. बाग देवीला परत मिळाली. तिची देखभाल आता विसूदादांचे धाकटे भाऊ करत होते.

मी ते सगळं मॅडमना सांगितलं आणि वालावलकरांची भरपूर स्तुती केली. माणूस उघडपणे हरत असताना त्याची स्तुती करण्यात जो आनंद आहे तो दुसऱ्या कशात नाही.

"अल्पवयीन मुलीच्या पालकाने तिलाच विचारलं, बाळ, तुझी झाडं माझ्या जावयाला देऊ का," मी म्हटलं. "बाळ हो म्हणालं. बाळ खरं बोललं, मॅडम, त्याबद्दल वाद नाही. पण मांजराने दुधाला विचारलं, म्हणून मांजर सुटतं का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वालावलकर, तुमचं म्हणणं काय? देवी अल्पवयीन की सज्ञान?"

वालावलकरांनी पाणी मागितलं. सज्ञान म्हणावं तर काजूची बाग माझ्या जुन्या अशिलाकडे जाते. अल्पवयीन म्हणावं तर राय हातची जाते. ते पाणी त्यांनी इतकं सावकाश प्यायलं की ग्लासातल्या पाण्याची वाफ होऊन ढग धरतील असं मला वाटलं.

पण तोवर मागे गोंधळ सुरू झाला होता. एक म्हातारा उठून उभा राहिला. "आमच्या आयेक पोर म्हणता तो वकील? सगळ्या गावाची आई ती."

"बसा," शिपाई म्हणाला.

"बसतलंय कसो? आई पोर, तर आमी कोण?"

मी मथुराकाकीकडे वळलो. तिचा चेहरा लाल झाला होता.

"वकीलांनू, अट मोडलास."

"एकही नाही मोडली. देवी खरी, कौल खरा, सोनू खरा."

"माझ्या आयेक तुमी पाळण्यात घातलास."

परतीच्या एसटीत ती पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली आणि मी उतरेपर्यंत एकदाही मान वळवली नाही. हुकूम लेखी यायचा होता, पण तो आमच्या बाजूचा हे कचेरीत सगळ्यांना दिसलं होतं. जिंकलेल्या वकिलाशी न बोलणारी अशील मी तेवढीच पाहिली. हरलेल्याशी न बोलणाऱ्या पुष्कळ पाहिल्या.

हुकूम पावसाळा संपता संपता आला. चौकशी पुरी होईपर्यंत विसूदादांना दूर केलं होतं, रायीतल्या एकाही झाडाला हात लावायचा नव्हता, आणि तोवर कारभार अर्जदार मथुरा सोनू गुरव हिने बघायचा होता. मी तो हुकूम घेऊन स्वतः गेलो. मला वाटलं, निदान आता तरी गुळाचं कोकम मिळेल.

मथुराकाकीने कागदाला हात लावला नाही.

"कौलाबगर मी चावयेक शिवूचंय नाय."

"काकी, हुकूम आहे. सरकारी शिक्का आहे."

"शिक्को सरकारचो. चावी आयेची."

विसूदादांनाही हेच हवं होतं. "माझा काय म्हणणा नाय," ते म्हणाले. "आयेन होय म्हटल्यान तर आताच्या आता किल्ली देतंय."

त्यांचा हिशेब मला कळत होता. सरकारी कागद खाली शहरात असतो आणि गाव वर डोंगरात असतं. कौल डावा पडला की मथुराकाकी आपणहून बाजूला होणार, किल्ली कनवटीलाच राहणार आणि 'साफसफाई' चार दिवसांनी गुपचूप सुरू होणार. जावयाची माणसं मोठी करवत घेऊन रायीभोवतीच्या दगडी गडग्यावर पाय हलवत बसलीच होती. हुकूम त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यातल्या एकाने विचारलं, "मग जेवन येवचा काय?"

सकाळी दहाच्या सुमारास सगळा गाव देवळात जमला. सोनूने पाषाणाला पाणी घातलं, परडीतल्या तगरीच्या पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडे, डावीकडे, आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा आई कातळाई, ह्या तुझ्या लेकीन तुझो कारभार हातात घेवचो काय नाय, ता उजवा डावा करून सांग गो आई."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

बाहेर करवतवाल्यांच्या पायांचा गडग्यावर घासण्याचा आवाज आत ऐकू येत होता. मथुराकाकी पदर दोन्ही हातांत धरून उभी. मी वकील माणूस, पण मीही त्या उजव्या पाकळीकडे असा बघत होतो, जणू तिला फी देऊन ठेवली आहे.

डावी पडली.

विसूदादांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि त्यांच्या तोंडावर इतकी नम्रता आली की ती बघवेना. "आयेची इच्छा," ते हळूच म्हणाले. "आमी कोण?"

माझा सोनूवरचा संशय मात्र त्या क्षणी फिटला. पाकळी फिरवणारा माणूस बायकोच्या तोंडावर डावी पाडणार नाही. निदान त्याला घरी परत जायचं असेल तर. मी मथुराकाकीजवळ सरकलो. अपील, स्थगिती, नवा अर्ज, काय काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. ती माझं ऐकत नव्हती. ती देवीकडे बघत होती. रागाने नाही, भक्तीने नाही. ताप उतरत नसलेल्या मुलाकडे बाई बघते तसं.

मग ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली. खाली पडलेली डावी पाकळी उचलली. पदराच्या टोकाने देवीचा ओला चेहरा पुसला, हनुवटीपासून कपाळापर्यंत, जरा जोरातच.

"रुसली हा," ती म्हणाली. "नवीन माणूस बघल्यान की ही अशीच करता."

"मथुरे," विसूदादा म्हणाले, "कौल डावो पडलो."

"पडलो. मिया बघलंय."

"मग?"

"मग काय? सरकारान लिवन दिला ना, पोर आसा म्हणान. तुझ्याच वकीलान आधी सांगितल्यान ता. पोराक इचारून घर चालवतत? खाव काय म्हणान इचारला तर गूळ सांगतला. शाळेत जातंय काय म्हणान इचारला तर नाय सांगतला." ती वळली आणि हात पुढे केला. "चावी दी."

सगळ्या गावात कुठूनतरी एक बारीक हसू निघालं आणि कुणीतरी ते खोकल्यात घातलं. ज्या म्हाताऱ्याने कचेरीत माझ्यावर आवाज चढवला होता, तो देवीकडे निरखून बघत होता, जणू इतकी वर्षं ओळखीच्या माणसाचं खरं वय आज कळलं. "बारीकच आसा म्हणा," तो शेजाऱ्याला म्हणाला.

विसूदादा गडबडले, पण मागे हटले नाहीत. आयुष्यभराची सवय. "असा नको. परत एक कौल लावया. किल्ली देव काय नको, इतक्याच इचारया. सोनू, लाव."

सोनू गुरव परडीजवळ उभा होता. परडी तगरीच्या फुलांनी काठोकाठ भरलेली, पांढरीशुभ्र, वरची दोन-चार तर खाली ओघळलेली. त्याने एकदा देवीकडे पाहिलं. एकदा बायकोकडे, तिच्या पुढे केलेल्या हाताकडे.

"दादा," तो म्हणाला, "पाकळे संपले."

विसूदादांनी परडीकडे पाहिलं. मग गावाकडे पाहिलं. गाव वर, छपराच्या कौलांकडे बघत होता. बाहेर गडग्यावरून कुणीतरी करवत खाली उतरवल्याचा आवाज आला.

त्यांनी कनवटीची गाठ सोडायला घेतली.